कप्तानाची खुर्ची

“लिही,” भीमाआबा म्हणाले. “मुंबईच्या टीव्हीवाल्यांस्नी. नमस्कार बिमस्कार काय घालू नको. त्या लायकीची माणसं न्हाईत.”

सारजाने बालवाडीचं पॅड गुडघ्यावर घेतलं आणि सवयीने दोन कागदांमध्ये कार्बन घातला. ती शिकवायची त्या बालवाडीच्या प्रत्येक अर्जाची प्रत ठेवावी लागे. सासरे सकाळपासून धुमसत होते. न्याहारीची अर्धी भाकरी तशीच टाकली होती. गोठ्यात जाऊन म्हशीला विनाकारण दटावून आले होते.

कारण पेपरात होतं. धाकट्या रामने बारामतीहून आणलेला पेपर मोठ्याने वाचून दाखवला होता. ‘ध्रुवयान’ मालिकेचं सहावं पर्व दसऱ्यापासून सुरू होणार होतं. गेली सहा वर्षं आबांनी तिचा एक रविवार चुकवला नव्हता. तरुणपणी मेंढरांमागे उघड्यावर निजून त्यांना आभाळातल्या वाटा पाठ झाल्या होत्या. यान भलतीकडे वळलं की ते टीव्हीवरच खेकसायचे. पाचव्या पर्वाच्या शेवटी कप्तान विराज छोट्या यानातून एकटाच काळ्या ढगात शिरला. यान रिकामं सापडलं. कप्तान नाही. आता पेपर म्हणत होता, नव्या पर्वाच्या पहिल्याच भागात त्याच्या फोटोला हार घालतील आणि उपकप्तान त्याच्या खुर्चीत बसेल.

“नटानं जादा पगार मागितला आसंल, म्हणून मारला त्येला,” राम हसत म्हणाला होता. आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो चहा न घेताच काटेवाडीच्या चौकात निघून गेला.

घरात सोमवारची तयारी चालू होती. थोरला दीपक, सारजाचा नवरा, ट्रक घेऊन सुरतेला गेला, त्याला या आषाढातल्या बेंदराला बारा वर्षं झाली होती. ट्रक घाटाखाली रस्त्याकडेला सापडला. चावी आत होती. दीपक नव्हता. बारा वर्षं वाट पाहिली की माणूस गेला असं धरायचं, ही रीत. सोमवारी गुरुजी कऱ्हा नदीच्या काठी पळसाच्या पानांचा पुतळा करणार होते आणि दीपक म्हणून त्याला अग्नी देणार होते. मग सारजाच्या बांगड्या फुटायच्या होत्या. साखर कारखान्याचा दीपकच्या नावचा शेअर रामच्या नावावर व्हायचा होता, आणि रामचं अडलेलं लग्न जमायचं होतं. मुलीकडच्यांनी तेवढीच अट घातली होती. सगळं ठरल्यावर सारजाला सांगण्यात आलं. विचारलं कुणी नव्हतं. आताही सासू कुशाबाई ओसरीवर सोमवारचे तांदूळ निवडत बसली होती.

“लिही. त्यो मेला, हे तुमास्नी कुणी सांगितलं? मढं बघितलं का कुणी?”

सारजा लिहू लागली.

आबांना शब्द शोधावे लागत नव्हते. गाडी रिकामी सापडली म्हणजे माणूस मेला असं होत नाही, असं त्यांनी लिहायला लावलं. माणूस गाडीतून उतरतो. वाट चुकतो. कुणाच्या तावडीत सापडतो. डोक्याला मार लागून स्वतःचं नावही विसरतो. ज्यांनी शोधायचं तेच हार आणायला निघाले, तर त्याने बघायचं कुणाकडे? बोलता बोलता त्यांचा आवाज चढला आणि मुंडासं सैल होऊन कानावर आलं.

“खुर्चीची घाई झाल्याली आसली, की माणूस मेल्यालं लवकर पटतंय. आसं लिही.”

“आसंच लिहू, मामा?”

“आसंच. शब्द इकडचा तिकडं करू नको.”

तिने शब्द इकडचा तिकडे केला नाही.

आबांनी मुंडासं सावरलं. मग हलक्या आवाजात बोलू लागले. “आमी मेंढरं घिऊन कोकणात उतरायचो. एकादा गडी मागं ऱ्हायला, तर त्येची चूल मोडत नव्हतो. मेंढरांचा वाडा पुढं न्यायचो, पर चुलीची ती तीन दगडं तशीच ठिवायचो. आला तर त्येला कळावं, आपली माणसं हायेत म्हणून. आमी अडाणी हुतो, तरी मोडत नव्हतो. तुमी तर शिकल्याली माणसं.”

सारजाचं पेन थांबलं. तिने हिरव्या बांगड्या मनगटावरून वर सारल्या आणि पुन्हा लिहू लागली. आता ती पेन दाबून लिहीत होती.

“आनि शेवटचं. हार आणायच्या आधी त्येच्या घरच्या माणसाला एक सबूद तरी इचारला का?” त्यांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. “बास. आन डबी.”

सारजाने शाईची डबी पुढे केली. आबांनी अंगठा दाबून पत्राखाली उमटवला आणि डबी मिटली. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. आजच पेटीत टाकायचं, असं त्यांनी दोनदा बजावलं.

तिने पत्राची घडी केली. पाकिटावर मुंबईचा पत्ता लिहिला. मग कार्बन बाजूला काढून खालचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

“ह्याच्यावर बी लावा, मामा.”

“ह्यो कुणाला?”

“सोमवारच्या गुरुजींस्नी.”

ओसरीवर कुशाबाईचं सूप थांबलं.

आबांनी कागद उचलला. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी वरच्या ओळीपासून खालपर्यंत ते पाहत राहिले. निळी अक्षरं जरा पुसट होती, शेवटची मात्र ठळक उठली होती.

“वाचून दावू?” सारजाने विचारलं.

“नगं,” ते म्हणाले. “मीच सांगितलंय.” आणि शाईची डबी त्यांनी स्वतःच उघडली.