आठ चाळीसचा मुहूर्त

“ह्याला परत वॉर्डात न्या,” मॅनेजर हरिओम सर थिएटरच्या दारातूनच म्हणाले. “सभापतींच्या सासूबाई आधी. आठ चाळीसचा मुहूर्त काढलाय.”

सुगत ऑपरेशनच्या टेबलावर बसला होता. उजवा पाय पुढं ताठ. दहा वर्षांत तो गुडघा वाकला नव्हता. हिमोफिलिया. लहानपणापासून सांध्यात रक्त उतरत गेलं आणि एकतिसाव्या वर्षी आत सांधा म्हणावा असं काही उरलं नाही.

आरती सिस्टर ट्रे धरून उभी होती. सातच्या ठोक्याला तिनंच त्याच्या शिरेतून फॅक्टर दिला होता, रक्त गोठवणारं औषध. चार महिने खेटे घातल्यावर मोजक्या कुप्या मंजूर झाल्या होत्या. औषध तासातासानं उतरतं, म्हणून यादीत सुगतचा नंबर पहिला.

“सर, बाईंचे दोन्ही गुडघे आहेत,” ती म्हणाली. “दुपार होईल. मग डॉक्टर लातूरला निघतील. ह्याचं औषध वाया जाईल.”

“पुढच्या आठवड्यात घेऊ. उमरीहून येणाऱ्याला कसला आलाय मुहूर्त?” सर हसले. “नरसिंगमामा, उचला.”

वॉर्डबॉय नरसिंगमामा जागचे हलले नाहीत. मागं एक्स-रेच्या दिवशी त्यांनीच सुगतला दंडाला धरून उठवलं होतं. संध्याकाळपर्यंत तो दंड काळानिळा पडून मांडीएवढा सुजला होता.

सुगत सावकाश आडवा झाला. हाताची घडी छातीवर घातली. आवाज चढवला नाही.

“उचला की मामा. न्हाई कोण म्हणतंय? फक्त जिथं बोट लावताल तिथं आतून रक्त सुटंल. लई वर्षं मीच मला जपत आलो. आज तुम्ही जपा.”

हरिओम सर तरातरा आत आले. टेबलाजवळ येऊन त्यांनी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

“सिस्टर, खरं आहे हे?”

आरतीचे कान तापले होते. बारा वर्षांच्या नोकरीत तिनं ‘हो सर’ सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

“फाइलवर लाल शाईनं लिहिलंय, सर. मी हात लावणार नाही. तुम्हीच उचला.”

डॉक्टर हात धुऊन आत येऊन उभे होते. त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा घड्याळाकडं.

“बाईंना दुसरा मुहूर्त बघा,” ते म्हणाले.

सर दार आपटून गेले. आरतीनं ट्रे खाली ठेवला. त्यात सुगतच्या रक्ताचा साडेसातचा रिपोर्ट सरळ पडला होता, कुणालाही वाचता येईल असा. तिनं तो उलटा केला. फॅक्टरनं आपलं काम चोख केलं होतं. त्या घडीला सुगतचं रक्त अगदी हरिओम सरांच्या रक्तासारखंच गोठत होतं.