मैत्रीच्या अकरा पेट्या

सुज्ञ वाचकहो, एका देशाने दुसऱ्या देशास दिलेल्या दानापायी एका सामान्य गृहस्थास जो विरह सोसावा लागला, त्याचा वृत्तांत यथामती पुढे निवेदन करीत आहे.

खंडोजीने नववी पेटी उघडली, आतल्या लेथ यंत्राला ग्रीस चोळले आणि झाकण पुन्हा ठोकून बंद केले. झाकणावर ‘भारतीय जनतेकडून मैत्रीची भेट’ अशी ठळक अक्षरे होती. अशा अकरा पेट्या त्या गोदामात सात महिने पडून होत्या, आणि त्यांच्याबरोबर खंडोजीही.

सन १९६१ चा तो काळ. आपला देश स्वतः परक्यांचा गहू खात होता, तरी शेजाऱ्यांना यंत्रे देण्याची उमेद बाळगून होता. हिमालयातल्या एका लहानशा राज्यास ही यंत्रे द्यावी आणि ती चालवण्यास शिकवण्यासाठी बेंगळूरचा एक कुशल फिटर सोबत धाडावा, असे दिल्लीत ठरले. निवड खंडोजीची झाली. बनशंकरीतल्या त्याच्या गल्लीत मंडप पडला. सासरे विठोजी यांनी स्वतःचा लग्नातला कोट त्याच्या अंगावर चढवला आणि तीनशे वर्षांनी आपल्या घराण्यातून पुन्हा कोणी परदरबारी चालला, असे येईल त्याला ऐकवले. पत्नी रत्नाबाईने ट्रंकेत लोकरीचे मोजे तेवढे भरले.

परंतु दुसऱ्या एका बलाढ्य देशाने त्या राज्यास याहून मोठी यंत्रे देऊ केली. राजाचे मन डळमळले. निर्णय होईपर्यंत पेट्या आहेत तिथेच ठेवाव्या, अशी तार आली. तारेत माणसाविषयी एक अक्षरही नव्हते. हार घालून निरोप घेतलेल्याने काम न करता कोणत्या तोंडाने घरी जावे? खंडोजी पेट्यांपाशीच राहिला.

बाहेर पडताना तो मफलर नाकापर्यंत गुंडाळी. हमालांशी बोलणे टाळी. तिसऱ्या प्रहरी कुठूनशी कॉफी भाजल्याचा वास आला, की त्याचा हात कामावरून सुटे.

पत्रांत तो हिमशिखरांचे वर्णन करी. मालगाडीचा गार्ड बिंदुमाधव, त्याचा बालमित्र, ती पत्रे नेई, आणि रेल्वेच्या मंडळींच्या हातोहात ती सरहद्दीवरच्या टपालपेटीत पडत. रत्नाबाईची गाठोडीही बिंदुमाधवच आणी. कधी कानटोपी, कधी स्वेटर. खंडोजी ते स्वेटर उशाशी घेऊन निजे, अंगात कधी घालीत नसे.

एकदा मात्र त्याला हिमशिखरे सुचेनात. त्याने लिहिले, ‘मंगळवारच्या वाऱ्यात अंगणातला शेवगा मोडला नाही ना? त्याच्या सावलीत तू तांदूळ निवडतेस, तेवढेच मला डोळे मिटले की दिसते.’

पुढल्या खेपेस बिंदुमाधव आला, तो गाठोड्याविना. त्याच्या हाती पितळेचा डबा होता.

“लोकर संपली वाटतं गावातली,” खंडोजी म्हणाला.

“संपली नाही, अण्णा. विणणारी थांबली.”

“पत्र दे.”

“पत्र नाही. निरोप आहे. एक शब्द गाळलास तर दारात उभा करणार नाही, म्हणाल्या.”

खंडोजीने डबा हाती घेतला. तो अजून ऊन होता.

बिंदुमाधवाने घसा साफ केला आणि पाठ केल्यासारखे म्हणून दाखवले, “त्यांना म्हणावं, शेवगा मोडला, त्याच मंगळवारी मोडला. बाबांचा कोट आहे तसा घेऊन या, लाज स्वल्प बाजूला ठेवा. यशवंतपुराच्या गोदामापासून बनशंकरीची शेवटची बस संध्याकाळी साडेसातला सुटते.”

शब्दांत उणे-अधिक झाले असल्यास पदरात घ्यावे. येथवर वाचलेत, उपकार झाले.

वाचकांचा ऋणी,
बिंदुमाधव, निवृत्त गार्ड