मोहनसिंगचं पिंप

हिंगोलीच्या सुतारकामाच्या वर्गात मास्तरांनी प्रत्येकाला दांड्यानं फिरवून हळकुंडं घासायचं लाकडी पिंप स्वतःच्या डोक्यानं बनवायला सांगितलं. बाकीच्यांनी आपापली पिंपं रंगवूनही टाकली. तांड्यावरचा मोहनसिंग मात्र पिंपात दगड भरून गरागरा फिरवायचा आणि फुटलं की पुन्हा जोडायला बसायचा.

"लाकूड काहून नासवून राहिला?" मास्तर कडाडले. "आता फुटलं तर वर्गातून घरी जा!"

"कुठं मोडतं ते पाहून राहिलो, मास्तर."

परीक्षेच्या दिवशी सगळी पिंपं कुरुंदा गावच्या खळ्यावर नेऊन त्यांत हळद भरली. दुपारपर्यंत रंगवलेली पिंपं एकेक करून उकलली. मोहनसिंगचं फिरतच राहिलं. शेवटी मास्तरांनी कोट काढून स्वतः दांडा धरला, जीव खाऊन फिरवला आणि घामाघूम होऊन खाली बसले.

"मोडत न्हाई रे!"

हरल्यावर एवढं खुलून हसणारा माणूस मोहनसिंगनं पहिल्यांदाच पाहिला.