खाटेखालचे पंखे

निर्वासितांच्या वस्तीत कोणाची मदत चालू ठेवायची आणि कोणाची थांबवायची, हे पाहायला कार्यालयातल्या बाई घरोघर फिरत होत्या. त्या दारात आल्या तेव्हा सासूबाई खाटेवर ठाण मांडून बसल्या होत्या. चादर जमिनीपर्यंत सोडलेली होती, कारण सुनेकडे दुरुस्तीला आलेले पंखे खाटेखाली दडवले होते. “कमाई नाही म्हणून सांग,” असं त्यांनी सुनेला आधीच बजावलं होतं.

“काही मिळकत होते का?” बाईंनी विचारलं.

‘नाही’ हा शब्द सुनेच्या ओठांवर आला होता. पण या परमुलखात आल्यापासून तिने इतक्या दारांत हात पसरला होता, की आता हाताला मिळालेलं काम चोरीच्या मालासारखं लपवणं तिच्या जिवावर आलं. तिने वाकून चादर वर केली.

“अगं, डोकं फिरलं का तुझं!” सासूबाई ओरडल्या.

बाई हळूच म्हणाल्या, “मदत बंद होईल हं.”

“होऊ द्या. फक्त एक करा,” सून म्हणाली. “नव्याने आलेल्यांत एखादी कामसू बाई असेल तर माझ्याकडे पाठवा. शिकवीन आणि पगारही देईन. माझ्या एकटीच्याने काम आवरत नाही.”