लांब बाही, आखूड बाही

मोठ्या डॉक्टरांचं ते एकच वाक्य ऐकलं आणि आबांच्या खाटेशी उभ्या कुमुदनं खाटेची दांडी धरली. पेशंटसमोर हे डॉक्टर आपसात इंग्रजीतच बोलत. आबांसारख्या खेड्यातल्या शिंप्याला आणि त्याच्या लेकीला ते कुठलं कळायला!

पण चाळिशी उलटल्यावर कुमुदनं इंग्रजीचा क्लास लावला होता. रोज संध्याकाळी दुकानात आबांच्या मशीनशेजारी बसून ती धडा घोकायची. हाताशी असतील ते दोन सदरे उचलून एकेक दाखवायची, "अ लाँगर स्लीव्ह. अ शॉर्टर स्लीव्ह." आबा पायडल मारता मारता हसायचे, "म्हणजे साहेबाच्याही बाह्या कधी सारख्या होत नाहीत तर!"

आणि आत्ता मोठे डॉक्टर धाकट्या डॉक्टरांना म्हणाले होते, "ही हॅज अ मच शॉर्टर टाइम दॅन वी थॉट." मग आबांकडे वळून मराठीत, "सगळं छान आहे, आजोबा. घरी जा, हवं ते खा." त्या 'हवं ते खा'नं ती आणखीच धसकली.

डॉक्टर निघून गेले. चेहरा दिसू नये म्हणून कुमुद पाठ फिरवून डबा आवरू लागली, पण झाकण काही केल्या लागेना.

"काय गं म्हणाले इंग्रजीत?" आबांनी विचारलं.

"काही नाही. तब्येत सुधारतेय म्हणाले."

आबा बराच वेळ स्वतःच्या बाहीवरून बोटं फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "शॉर्टर म्हणजे आखूडच ना गं?"