निरोपाचा केक

नर्स पुरवणाऱ्या एजन्सीच्या माणसाचा फोन आला तेव्हा मारीटा दालचिनीचा बन खात होती. तो संपवून, बोटं पुसून मग तिने फोन उचलला. एडिनाने तिथे अर्ज केला होता, आणि तिच्याबद्दल विचारायला कोणीतरी फोन करणार, हे तिला आठवडाभर ठाऊक होतं.

एडिना तिच्या वृद्धाश्रमातली सगळ्यांत चांगली नर्स. ती गेली तर वरचा मजला बंद होणार होता, आणि मजला बंद झाला तर मारीटाची व्यवस्थापकाची खुर्चीही जाणार होती. मालकांनी हे गोड शब्दांत तिच्या कानावर घालून ठेवलं होतं. वर्षभर जाहिरात देऊनही अर्ज आला नव्हता, आणि पगार वाढवायचं म्हटलं की मालकांना ऐकू येईनासं व्हायचं.

तुटवडा मात्र खरा होता. खुद्द मारीटाची आई वर उत्तरेत, जंगलातल्या गावात एकटी राहायची. तिला आता काही आठवत नसे, आणि संध्याकाळची इन्सुलिनची सुई द्यायला नगरपालिकेला नर्स मिळत नव्हती. मारीटाचा भाऊ टोर्गनी लाकूडतोडीचं काम उरकून रोज गाडी हाकत तिच्याकडे जायचा, आणि रविवारी फोनवर बहिणीवर राग काढायचा.

"एवढ्या नर्सा पदरी बाळगतेस, एक आईकडे पाठव की."

"झाडाला लागतात का त्या?" मारीटा म्हणायची, आणि विषय संपायचा.

एजन्सीचा माणूस, पॉन्टुस, तरुण आणि घाईतला होता. एडिना कशी आहे, त्याने विचारलं.

"खरं सांगू का," मारीटा म्हणाली आणि खोटं सांगू लागली. "कामाला वाईट नाही. पण औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्या हातात असली की माझ्या जिवाला घोर लागतो. सिद्ध काही झालेलं नाही, म्हणून मी बोलत नाही कुणाजवळ."

मग पॉन्टुसने सुस्कारा टाकला. एक जागा कधीची रिकामी आहे, तिथले लोक रोज डोकं खातात, त्याने सांगितलं. तुमच्याकडे दुसरं कोणी आहे का, बदल हवा असलेलं?

मारीटाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उल्रिका!

उल्रिका हसरी, बोलकी, सगळ्या म्हाताऱ्यांची लाडकी. दर आजीला महाराणी म्हणणारी. पण वसंतात तिने सिक्स्टन आजोबांना सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनऐवजी झटपट काम करणारं दिलं, तेही तेवढ्याच मात्रेत. आजोबा गाढ झोपले, हाकेला ओ देईनात, कपाळावर घाम. एडिनाने ते पाहिलं म्हणून निभावलं. आणखी तासभर गेला असता तर ते उठलेच नसते, असं डॉक्टर म्हणाले. मारीटाने हे वर कळवायला हवं होतं. तिने नाही कळवलं. कळवलं असतं तर चौकशी आली असती. तेव्हापासून उल्रिकाची प्रत्येक सुई एडिना तपासायची, आणि तिचा अर्धा दिवस त्यातच जायचा. उल्रिका कायम नोकरीवर, तिला काढायचं म्हटलं तर युनियन दारात उभी.

"उल्रिका म्हणजे सोनं आहे," मारीटा म्हणाली. "माझा जीव तुटतो, पण तिच्या आड नाही येणार मी."

"एकटीने घरोघरी फिरायचंय. सोबत तपासायला कुणी नसतं. जमेल तिला?"

मारीटाने मान वळवली. खिडकीबाहेर सिक्स्टन आजोबा चाकांच्या खुर्चीत ऊन खात बसले होते.

"तिला एकटीलाच सोडा," ती म्हणाली. "छान करेल."

"आणि तीन महिन्यांची नोटीस?"

"माफ. सोमवारी घेऊन जा."

जागा जरा लांब आहे, असं तो सांगू लागला. लांब असेल तर उत्तमच, मारीटाच्या मनात आलं. ते सगळं उल्रिकाशीच बोला म्हणून तिने फोन ठेवला.

शुक्रवारी मारीटाने हिरव्या मार्झिपानचा, म्हणजे बदामाच्या गोड लगद्याचा, मोठा केक आणला. उल्रिका रडली, सगळ्यांच्या गळ्यात पडली. कॉफी संपल्यावर एडिना मागे थांबली. एजन्सीने तिला नकार दिला होता, कारण न देता.

"तू तर माझ्याबद्दल चांगलंच बोलली असशील, मारीटा," ती म्हणाली. "माझ्यातच काही कमी असेल."

मारीटाला लाज वाटली, नाही असं नाही. पण ती केकबरोबर गिळता आली. "त्यांचंच नुकसान गं," म्हणत तिने मार्झिपानचा गुलाब असलेला तुकडा एडिनाच्या ताटलीत ठेवला.

सोमवारी संध्याकाळी मारीटा बाल्कनीत बसली होती. वरचा मजला वाचला होता, खुर्ची वाचली होती. टोर्गनीचा फोन आला. रविवार नसताना, आणि चक्क हसत.

"नर्स मिळाली बाई एकदाची. तुझ्याच भागातली आहे, निघताना केक दिला म्हणे तिला. पहिलाच दिवस म्हणून मी बघायला गेलो होतो. काय गोड बोलते! आईला म्हणाली, चला महाराणी, दंड पुढे करा."

मारीटा उभी राहिली. "टोर्गनी, सुई दिली का तिने?"

"दिली की, आणि गेली पुढच्या घरी. अगं, आई इतकी गाढ झोपलीय की हाकेला ओ देत नाही. कपाळावर घाम होता, म्हणून खिडकी उघडून ठेवली. म्हटलं झोपू दे, आणि निघालो. तासाभराचा रस्ता, आत्ता पोचतोय घरी."