फळं एकाच झाडाची

एकाच झाडाची औषधी फळं, एकच यंत्र, तरी धाकट्या बहिणीच्या नमुन्यात मेदाम्लं माझ्या नमुन्यापेक्षा दुप्पट निघाली. प्रयोगशाळेत तिला चिकटवलं मीच, आणि कौतुक तिचं! माझ्या पोटात दुखायला लागलं. "आकडे फुगवलेत तिनं," मी साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी दोघींना स्वतःसमोर पुन्हा तपासणी करायला लावली. मी नेहमीप्रमाणे फोडी ओव्हनमध्ये वाळवल्या. तिनं गोठवून थंडच वाळवल्या. आकडे पुन्हा तेच आले, तिचे दुप्पट. साहेब माझ्याकडे वळले. "म्हणजे बारा वर्षं तुम्ही मेदाम्लं जाळत होतात?" तेवढ्यात धाकटी चक्क खोटं बोलली, "साहेब, गोठवायची कल्पना ताईचीच, मी तिला न सांगता करून पाहिली. ती फक्त जुना नियम पाळतेय." "मग नवी पद्धत ताईंच्याच नावानं लिहू," साहेब म्हणाले. मी होकारार्थी मान हलवली. ती भांडली असती, तर मी तिला माफ केलं असतं.